खालचा बोल्ट

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता त्याने कपाटाच्या तळाशी घडी करून ठेवलेली अप्पांची खाकी पँट काढली आणि श्वास आत ओढून अंगात चढवली, तेव्हाच त्याच्या बायकोने ओळखलं की आजची सुट्टी कामातून गेली.

"संध्याकाळी पाचला माणूस येणार आहे गाडी बघायला," ती म्हणाली. "नुसती पुसून ठेवा म्हटलं होतं मी. त्यासाठी एवढा पोशाख?"

"ऑइल बदलतो. आणि फिल्टर."

"विकायच्या गाडीचं?"

"काळं तेल पोटात घेऊन अप्पांची गाडी दुसऱ्याच्या दारात जाणार नाही," तो म्हणाला आणि अप्पांचा पट्टा त्याने कसाबसा शेवटच्या भोकात अडकवला.

ह्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण गाडी विकायचं ठरलं तेव्हा तो दोन दिवस गप्प राहून मग 'बरं' म्हणाला होता, आणि ते 'बरं' तिला पुन्हा उकरायचं नव्हतं.

तो एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात पंचवीस वर्षं गेल्यामुळे आपल्या हातूनही चूक होऊ शकते ह्या गोष्टीची त्याला सवयच राहिली नव्हती. ती औषधांच्या दुकानात होती. डॉक्टरांची अक्षरं लावून लावून तिला कुठल्याही लिहिलेल्या गोष्टीबद्दल संशय जडला होता. एरवी ह्या दोन स्वभावांची गाठ फक्त वाणसामानाच्या यादीवर पडायची.

अप्पा म्हणजे त्याचे वडील. सगळी गल्ली त्यांना तारमास्तर म्हणायची, कारण त्यांचं अख्खं आयुष्य तारऑफिसात गेलं होतं. तारेत शब्द कमी ठेवायचे, ती सवय हातातून जिभेवर आली आणि तिथेच राहिली. मुलाचा मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा त्यांनी घरात सांगितलं होतं, "पास. छान." सून पहिल्यांदा उंबरठा ओलांडून आत आली तेव्हा म्हणाले होते, "आलीस. बस. घर तुझं." ती बिचारी आठ दिवस समजत होती की सासरे आपल्यावर रागावलेत.

गाडी अडतीस वर्षांपूर्वी आली. छोटीशी, दुधाळ रंगाची. दर सहा महिन्यांनी एका रविवारी अप्पा ही खाकी पँट घालून तिच्याखाली जायचे आणि ऑइल स्वतः बदलायचे. मुलाच्या हातात बॅटरी असायची. "इकडे. तिकडे नको. हं." एवढंच ऐकू यायचं. तेलाचा वास, अंगणात पसरलेली हत्यारं, बाहेर दिसणारे अप्पांचे दोन पाय, आणि मग काळे हात कपड्यांच्या सोड्याने धुताना त्यांच्या चेहऱ्यावर येणारं ते एक समाधान. दुसऱ्या कुठल्याही कामानंतर ते तसे दिसायचे नाहीत. आपले वडील जगातलं काहीही दुरुस्त करू शकतात हे त्याला त्या रविवारांनी पटवलं होतं, आणि पन्नाशी आली तरी ते मत बदलायचं काही कारण घडलं नव्हतं.

अप्पांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. गाडी अंगणात आच्छादन घालून उभी होती. दर रविवारी तो ती दहा मिनिटं सुरू करून आत बसायचा. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचा. इकडे बायकोची स्कूटर जागा नसल्यामुळे रस्त्यावर उन्हात तापायची आणि गेल्या पंधरवड्यात कुत्र्यांनी तिची सीट फाडली. सीट फाटली त्या दिवशीच गाडी विकायचा विषय निघाला. आई म्हणजे तिच्या सासूबाई त्यावर हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "माणूस कधी येणार म्हणालात?"

तर आता तो अंगणात उभा होता आणि त्याच्या हातात अप्पांची छोटी वही होती. वहीत गाडीचं एक पान होतं. अप्पांच्या टाकाने काढल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'ऑइल बदल. गाडी चढवा. खालचा बोल्ट काढा. तेल जाऊ द्या. बोल्ट लावा. फिल्टर बदला. वरून साडेतीन लिटर. पट्टी पाहा. बास.'

"एक चूक नाही," तो कौतुकाने म्हणाला. "स्वल्पविरामसुद्धा नाही."

बायकोने पान वाचलं. "खालचा बोल्ट म्हणजे कुठला?"

"खालचा."

"खाली एकच आहे का?"

"एकापेक्षा जास्त असते तर अप्पांनी लिहिलं असतं."

"अर्धवट लिहिलेलं असलं की मी औषध देत नाही. डॉक्टरांना फोन करून विचारते."

"इथे कुणाला फोन करणार?" तो म्हणाला. ती आतून टब आणायला गेली.

अप्पांनी सुताराकडून करून घेतलेले दोन लाकडी चढ अजून मजबूत होते. पुढची चाकं त्यांवर नीट चढली. मागच्या चाकांना विटा लावल्या. फरशी खराब होऊ नये म्हणून त्याने छापखान्यातून आणलेले जुन्या मुद्रितांचे कागद गाडीखाली अंथरले आणि पाठीवर सरकत आत गेला. बायको बॅटरी घेऊन बाजूला उकिडवी बसली. खिडकीशी खुर्ची ओढून आई बसल्या होत्या.

बराच वेळ खालून काहीच आवाज आला नाही.

"मिळाला का?" बायकोने विचारलं.

"थांब. इथे 'पाटबंधारे'मधला अनुस्वार उडालाय."

तिने बॅटरी कागदावरून हलवून गाडीच्या पोटाकडे धरली. मग तो म्हणाला, "दोन आहेत."

"दोन काय?"

"बोल्ट. एक मोठा, एक लहान."

"बघा."

"बघतोय." त्याने दोन्ही बोल्ट बोटांनी चाचपले. "इंजिन हा गाडीतला मुख्य भाग. मुख्य भागाचा बोल्ट मोठाच असणार."

खिडकीतून आईंच्या खोकण्याचा आवाज आला. सुनेने वळून पाहिलं, तर त्या काही म्हणत नव्हत्या. फक्त खुर्ची थोडी पुढे ओढून घेत होत्या.

मोठा बोल्ट सहजासहजी हलेना. पान्यावर हातोडी मारली, पान्याला पाइप लावला, शेवटी दोन्ही पाय चाकाला टेकवून ओढला तेव्हा कुठे तो कुरकुरला. मग तेलाची धार टबात पडू लागली. तो ती बघतच राहिला. तेल मधासारखं होतं. सोनेरी, दाट, पारदर्शक.

"बघितलंस?" गाडीखालून त्याचा आवाज भरून आला. "दोन वर्षं होत आली. तरी तेल असं. ह्याला म्हणतात हात."

"एवढं चांगलं आहे तर बदलायचं कशाला?"

"तुला नाही कळायचं."

"आणि वास कसला येतोय? सडक्या अंड्यासारखा."

"जुनं आहे गं ते."

तेल संपलं, बोल्ट लागला. आता फिल्टर. तो डब्यासारखा फिल्टर इतका घट्ट बसला होता की हाताने वळेना. अप्पा त्याला कमरेचा पट्टा गुंडाळून ओढायचे हे त्याला पक्कं आठवत होतं. त्याने पट्टा काढला. अप्पांना पट्टा काढणं परवडायचं, कारण त्यांची पँट त्यांच्या मापाची होती. ह्याने पट्टा सोडल्याबरोबर वरची कडी तुटली आणि पुढचं सगळं काम एका हाताने करायची पाळी आली. पट्टा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा तुटला.

"राहू द्या ना," बायको म्हणाली. "जुनाच राहू दे तो."

"वहीत लिहिलंय." त्याने मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, फिल्टरच्या पोटात आरपार ठोकला आणि तो दांडा धरून फिरवला. फिल्टर निघाला. त्याबरोबर भोकांतून आणि तोंडातून फुलपात्रभर काळंकुट्ट तेल त्याच्या मनगटावरून बाहीत, बाहीतून काखेत आणि उरलेलं सरळ डोक्यावर आलं.

"अगं," खालून शांत आवाज आला.

"काय झालं?"

"काही नाही. एक टॉवेल आण."

"कुठला आणू?"

"नको असलेला."

टॉवेलने चेहऱ्याचा जेवढा भाग सापडला तेवढा पुसून तो बाहेर आला. डोक्याचे केस एका बाजूला चापून बसले होते. पण त्याचा तर्क शाबूत होता. "आलं लक्षात? सगळी घाण फिल्टरने धरून ठेवली, म्हणून तेल सोनेरी राहिलं. सगळा खेळ फिल्टरचा."

त्याने नवा फिल्टर बसवला, बॉनेट उघडून नवं तेल मोजून साडेतीन लिटर ओतलं आणि तेल मोजायची पट्टी काढून बायकोपुढे धरली. पट्टीवर दोन रेघा होत्या. तेल वरच्या रेघेच्याही चांगलं चार बोटं वर होतं.

"ही वरची रेघ कशाची?" तिने विचारलं.

"ह्याच्यापुढे नको, अशी."

"मग?"

"अजून सगळीकडे पसरलं नाही ते. गाडी सुरू केली की उतरेल." असं म्हणून, एका हाताने पँट धरून, तो आत बसला आणि त्याने किल्ली फिरवली.

आधी मागून थोडा निळसर धूर आला. मग पांढरा आला. मग जो आला तो कुठल्या रंगाचा हे बघायला अंगणात काही दिसतच नव्हतं. समोरच्या घरातल्या डॉक्टरीणबाईंनी वाळत घातलेले कपडे पटापट आत नेले. धुरातून कुणीतरी विचारलं, "काय पेटलंय का?" आणि बायकोने उत्तर दिलं, "नाही, ऑइल बदललंय."

चढांवरून तरी गाडी खाली घ्यावी म्हणून बायकोने मागच्या विटा काढल्या आणि त्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. गिअर पडताना असा आवाज आला जसा दातांनी खडे फोडावेत. गाडी घरंगळत खाली आली, अंगणात दोन हात सरकली आणि तेवढ्या अंतरात तिने जे विव्हळणं केलं ते ऐकून त्याने घाईने किल्ली काढून घेतली.

धूर हळूहळू विरला. तो पायरीवर येऊन बसला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि ती शेजारी बसली.

"अडतीस वर्षं चालली," तो म्हणाला. "माझ्या हातात अर्धा दिवस नाही टिकली."

"होईल काहीतरी."

"मी इतकी वर्षं बॅटरी धरली गं. काय करतात ते कधी बघितलंच नाही." तो काळ्या तळव्यांकडे बघत होता. "मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. म्हणून तर ओरडायचे, इकडे, तिकडे नको."

दारात आई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"केसांचं काय करून घेतलंस ते," त्या मुलाला म्हणाल्या. "साबणाने नाही जायचं हे. न्हाव्याकडे जा आणि बारीक करून ये."

"आई, इथे गाडी..."

"गाडी थंड होऊ दे. तेल मुरायला वेळ लागतो. तू ऊठ. कपडे बदल आणि जा."

"आज रविवार आहे. दोन-अडीच तास नंबर लागणार नाही."

"मग पेपर वाच तिथला. चुका काढ."

पन्नास वर्षांचा माणूस निमूटपणे उठला, अंघोळ केली, तरी एका बाजूने काळा राहिला, दोन घास खाल्ले आणि न्हाव्याकडे गेला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत आई दारात उभ्या होत्या. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "फोन लाव. आकडे सांगते."

आईंना स्वतःच्या मुलाचा नंबर पाठ नव्हता. हा नंबर त्यांनी एका दमात सांगितला. पलीकडे कुणीतरी उचलल्यावर त्यांनी फोन हातात घेतला. "मिस्त्री, मी बोलतेय. हो. तेच. नाही, आता मुलगा." थोडं ऐकून घेतलं. "हो, मोठा. आणि वरून साडेतीन. पाचच्या आत हवंय. चहा टाकते."

सून फोन परत घेऊन तशीच उभी राहिली. "आई, मोठा म्हणजे?"

"मोठा बोल्ट गिअरबॉक्सचा असतो. इंजिनाचा लहान. गिअरचं तेल सोडून दिलं त्याने आणि इंजिनात जुनं होतं त्यावर नवं ओतलं. दुप्पट झालं. धूर नाही येणार तर काय?" हे सगळं त्यांनी पातेल्यात पाणी मोजता मोजता सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं? तुम्ही तर खिडकीतच होता."

"होते ना."

"मग थांबवलं का नाही?"

"ह्यांना कधी थांबवलं नाही, तर त्याला कशी थांबवू?" आईंनी गॅस लावला आणि स्टुलावर बसल्या. "पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा ह्यांनी हेच केलं होतं. अगदी हेच. धूर, आवाज, सगळं. रात्रभर जेवले नाहीत की बोलले नाहीत. बोलायचे नाहीतच म्हणा, पण त्या दिवशी वेगळं होतं. सकाळी तारऑफिसात गेले आणि मी गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होतं तिथल्या मिस्त्रीला बोलावून आणलं. त्याने तासाभरात सगळं सरळ केलं. संध्याकाळी ह्यांनी घाबरत घाबरत किल्ली फिरवली, तर गाडी लोण्यासारखी. तुला सांगते, लग्न झाल्यापासून ह्यांना एवढं खूश मी पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, 'मुरलं.' मी म्हटलं, 'हो.'"

"आणि पुढे?"

"पुढे काय? दर सहा महिन्यांनी रविवारी हे, सोमवारी मिस्त्री. कधी फिल्टरचं जुनं रबर आत राहिलेलं, कधी बोल्ट ढिला. एकदा तर मिस्त्रीने लहान बोल्टला लाल रंगाचा ठिपका दिला, निदान तो तरी बरोबर सापडावा म्हणून. ह्यांनी रॉकेलने घासून साफ केला. गाडी स्वच्छ लागायची ना."

"अप्पा रिटायर झाल्यावर कसं जमवलंत? सोमवारी घरीच असणार ते."

"न्हाव्याकडे पाठवायची," आई म्हणाल्या.

मिस्त्री अर्ध्या तासात आला. सत्तरीच्या पुढचा, किरकोळ, तोंडाने सतत चालू. गॅरेज आता जावई बघत होता, पण पिशवीत पाने, तेलाचा डबा आणि एक पत्र्याची थाळी घेऊन तो स्वतः आला होता. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने टबातलं सोनेरी तेल बघितलं आणि म्हणाला, "बापाचाच मुलगा. वहिनी, मला तर वाटलं होतं आता पुन्हा काही ह्या दारात बोलावणं येत नाही." मग तो गाडीखाली गेला आणि तिथूनही बोलत राहिला. जावयाचं, गुडघ्यांचं, हल्लीच्या गाड्यांचं, ज्यांच्यात म्हणे माणसाला हात घालायला जागाच ठेवत नाहीत. आई पायरीवर बसून ऐकत होत्या. मधेच, "लहान बोल्टचं वायसर बघा, गेल्या वेळीच झिजलं होतं," म्हणाल्या. मधेच हसत होत्या. सुनेने लग्नाच्या बावीस वर्षांत आईंना पायरीवर बसून असं हसताना पाहिलं नव्हतं.

"घरात बोलायला कोण होतं गं?" त्या तिला म्हणाल्या. "पोरं शाळेत. हे दिवसाला दहा शब्द बोलणार. हा सोमवार आला की मला बरं वाटायचं. मिस्त्री खाली बोलतोय, मी वर बसलेय. गाडीच्या निमित्ताने सगळ्या गावाची खबर कळायची." आणि चहाचे कप उचलून त्या आत गेल्या.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणला.

"सूनबाई, एक सांगतो. आता मास्तर नाहीत, सांगायला हरकत नाही. पण वहिनींना बोलू नका."

"काय?"

"मास्तरांना ठाऊक होतं."

तिला आधी कळलंच नाही. "काय ठाऊक होतं?"

"हेच. मी येतो ते. गाडी घेऊन चारेक वर्षं झाली असतील. एका सोमवारी ते चष्मा विसरले म्हणून मधेच घरी आले. मी गाडीखाली होतो. मला चाकांमधून गल्ली दिसते ना, तर फाटकाबाहेर त्यांचे बूट दिसले. आता काय होतंय, म्हणून मी गप्पच झालो. वहिनी इकडे हसतायत, त्यांचं लक्ष नाही. ते बूट मिनिटभर तिथे होते. मग उलटे फिरले आणि गेले. चष्मा न घेताच."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी गॅरेजवर आले. मी म्हटलं आता आपली धडगत नाही. समोर उभे राहिले आणि म्हणाले, 'पाहिलं. हसत होती. चालू द्या.' आणि गेले."

मिस्त्री पाने पिशवीत भरत होता.

"त्यानंतर बघा, मास्तरांचं काम एकदम सुधारलं. बोल्ट बरोबर, तेल मापात. मनात आणलं असतं तर माझी गरजच उरली नव्हती. पण दर वेळी काहीतरी एक चूक हटकून ठेवलेली असायची. एकच, आणि सोपी. फिल्टर अर्धा आटा ढिला. नाहीतर वरचं झाकण नुसतंच टेकवलेलं. पाच मिनिटांचं काम. चहा मात्र तासभर चालायचा."

"आणि तुम्ही आईंना कधीच बोलला नाहीत?"

"मी कशाला बोलतो? मला चहा मिळत होता."

तेवढ्यात आई बाहेर आल्या. "काय सांगतोय हा?"

"वायसर बदललं म्हणतायत," सून म्हणाली.

"बदलायलाच हवं होतं," आई म्हणाल्या.

सव्वाचारला मिस्त्री गेला. सासूसुनांनी मिळून टब लपवला, थाळीचे डाग पुसले आणि मुलाच्या हत्यारांचा पसारा होता तसा पुन्हा मांडून ठेवला. साडेचारला तो आला. न्हाव्याला काळे केस पाहून उत्साह आला असावा, कारण त्याने डोक्यावर फारसं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. फाटक लावायला तो पाठमोरा झाला, तेव्हा आईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि क्षणभर त्या मानेकडे बघत राहिल्या.

"तेवढी किल्ली फिरवून बघ," त्या म्हणाल्या.

"नको आई. तो माणूस आला की सरळ सांगतो, बिघडलीय म्हणून."

"बघ तर."

तो बसला. डोळे मिटून त्याने किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा घसा साफ केला आणि ते मऊ आवाजात चालायला लागलं. धूर नाही, विव्हळणं नाही. त्याने गिअर टाकला, तो अलगद पडला. गाडी अंगणात पुढे घेतली, मागे घेतली. मग तो खाली उतरला आणि हलकेच म्हणाला, "मुरलं."

"हो," आई म्हणाल्या.

बायको आच्छादनाची घडी घालण्यात फार गुंतली होती.

पाचला गाडी बघणारा आला. तो माणसांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे गाड्यांचे हाल कसे असतात हे त्याला चांगलं माहीत होतं. त्याने बॉनेटवर कान टेकवला, पट्टी काढून पुसली, परत घालून काढली. तेल दोन रेघांच्या बरोबर मध्ये होतं.

"ऑइल कुठे बदलून घेतलंत?"

"घरीच," तो म्हणाला. "मी स्वतः. आजच."

"हात बसलेला दिसतोय."

त्याने सोड्याने धुतलेले, अजून नखांत काळे असलेले हात एकमेकांवर चोळले. बायको त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने अप्पांना कधी गाडीखालून बाहेर येताना नीट पाहिलं नव्हतं, अशा रविवारी ती स्वयंपाकघरातच असायची. आता तिला वाटलं, असेच दिसत असतील.

"चालवून बघू का?" गाडी शिकवणाऱ्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "गाडी द्यायची नाही आम्हाला."

दोघेही तिच्याकडे बघायला लागले.

"मग बोलावलंत कशाला?"

"बोलावलं तेव्हा द्यायची होती. तुम्हाला हेलपाटा झाला, चहा घेऊन जा."

चहा न घेताच तो गेला. नवरा अजून तिच्याकडे बघत होता. "आणि तुझी स्कूटर?"

"तिला आता बाहेरची सवय झालीय. सीट शिवून आणू."

"पण का गं? एकदम?"

"एवढं चांगलं ऑइल घातलंय तुम्ही," ती म्हणाली. "दुसऱ्याला कशाला द्यायचं?"

हे कारण त्याला पूर्णपणे पटलं. त्याने सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. अप्पाही ऑइल बदललं की घरातल्यांना एक फेरी मारून आणायचे, पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. आई पुढे बसल्या, बायको मागे. काचा खाली केल्या. उतरत्या उन्हात ओळीने घरं मागे जात होती. तो सावकाश चालवत होता आणि आईंना सगळं समजावून सांगत होता. बोल्ट कसा हलत नव्हता, फिल्टर कसा काढला, नवं तेल सगळीकडे पसरायला किती वेळ द्यावा लागतो आणि लोक कशी घाई करतात.

"वहीत हे लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "मी लिहून ठेवणार आहे. तेल घातल्यावर तीन तास गाडीला हात लावू नये."

"लिही हो," आई म्हणाल्या.

"पण खरं सांग आई, जमलं ना?"

आईंनी त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे, मग स्टिअरिंगवरच्या हातांकडे पाहिलं.

"अगदी ह्यांच्यासारखं केलंस," त्या म्हणाल्या.

मागच्या सीटवर बायकोने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर एक बंद दुकान आणि एक लांबलचक भिंत होती. भिंत संपेपर्यंत ती तिकडेच बघत राहिली.